सातवा टेक

बटाटे उकडायला ठेवले होते. कुकरची तिसरी शिट्टी झाली तेव्हा ती ऐकू येऊ नये म्हणून कृपाने हेडफोन कानांवर दाबून धरले आणि नेमकं त्याच वेळी पडद्यावरच्या बाईने स्वतःचं नाव वेगळंच सांगितलं. सिनेमात तिचं नाव रेवती होतं. गेले चाळीस दिवस कृपा त्या रेवतीचे तुकडे जोडत बसली होती. रेवती जिना चढते, रेवती आरशापुढे उभी राहते, रेवतीला वाटू लागतं की आपण माणूसच नाही, कुणाच्या तरी भयपटातलं पात्र आहोत. पण सातव्या टेकच्या नवव्या मिनिटाला, बंद खोलीच्या कोपऱ्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेली ती मुलगी कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली, "मी ज्ञानेश्वरी. ज्ञानेश्वरी मच्छिंद्र बनकर. राहणार पुणतांबा." मग श्वास घेऊन पुन्हा तेच. शाळेत हजेरी देताना मुलं म्हणतात तशा सुरात, पण हळू, मोठ्याने म्हटलं तर नाव सांडून जाईल अशा बेताने. कृपाने टेक मागे नेला, पुन्हा लावला, पुन्हा मागे नेला. करपल्याचा वास थेट नाकात शिरला तेव्हा ती उठली. कुकरमधलं पाणी आटून गेलं होतं. गॅस बंद करून ती ओट्याला टेकून उभी राहिली तरी कानांत तो आवाज चालूच होता, आणि मग तिला कळलं की हा सूर आपल्या ओळखीचा आहे. त्या मुलीला ती कधी भेटलीही नव्हती. सूर मात्र ओळखीचा होता.

आठ वर्षांपूर्वी तो तिच्याच तोंडून निघाला होता. बाळ तीन दिवसांचं होऊन गेलं आणि त्यामागोमाग कृपाची झोप गेली. पंधरवडाभर ती जागीच होती. मग माणसं बदलत गेली. आई आईसारखीच दिसायची, आईसारखीच प्रार्थना म्हणायची, पण ती आई नव्हती. नवरा, स्टीफन, समोर बसून पेज भरवायचा तेव्हा त्याचे हात दुसऱ्याच कुणाचे असायचे. इस्पितळातल्या वीस दिवसांतलं तिला फारसं काही आठवत नाही. खिडकीचे हिरवे गज, फिनेलचा वास, आणि आपलं माहेरचं नाव सारखं म्हणत राहायचं हा हुकूम, तो कुणी दिला होता कोण जाणे. कृपा यशया ओहोळ. कृपा यशया ओहोळ. म्हणणं थांबलं की कुणीतरी ते उचलून नेईल. नंतर ती बरी झाली. दोन वर्षं गोळ्या झाल्या, मग डॉक्टरीणबाईंनीच त्या बंद केल्या. सावेडीतल्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत तिने लग्नांच्या व्हिडिओंचं काम पुन्हा सुरू केलं. हळदी, वरमाला, पाठवणी, चर्चमधली लग्नं, सगळ्यांचं हसू एका मापात कापून देण्यात तिचा हात धरणारं नगरात कुणी नव्हतं. पण घरात एक प्रश्न मागे राहून गेला होता. कृपाचा आवाज चढला, तिला रडू आलं, दूध उतू गेलं, की स्टीफन अगदी मायेने विचारायचा, "झोप झाली ना नीट?" त्या दिवशी नागापूरच्या कारखान्यातली पहिली पाळी करून तो आला, काळा पडलेला कुकर त्याने पाहिला, डबा बेसिनमध्ये ठेवला आणि तेच विचारलं.

तिने पार्थला फोन केला. पार्थ या सिनेमाचा दिग्दर्शक. नगरचाच, तिशीच्या आतला, पुण्यात शिकून आलेला. लग्नाचे व्हिडिओ कापणाऱ्या बाईला त्याने आपला पहिला सिनेमा विश्वासाने दिला होता, आणि कृपाला त्याचं अप्रूप होतं. बोलायचा फार सुंदर. बघणाऱ्याला शेवटपर्यंत कळता कामा नये की वेडं कोण, बाई, सिनेमा की तो स्वतः, असं तो पहिल्याच भेटीत म्हणाला होता, आणि तेव्हा ती हसली होती, कारण तिला हे कुणी शिकवायची गरज नव्हती.

"सातव्या टेकमध्ये ती स्वतःचं नाव घेते," कृपा म्हणाली.

"सापडलं ना तुम्हाला!" पार्थचा आवाज उजळला. "कृपाताई, तोच आपला सिनेमा आहे. नटी भूमिकेतून बाहेर पडते, चौकट फुटते. आता यातलं खरं कोणतं, हे बघणाऱ्याला कळेनासं होतं. खरं एकच असतं असं कुणी सांगितलं?"

"तिला सांगून केलं होतं का हे?"

तो हसला. "सांगून केलं असतं तर असं झालं असतं का? म्हणजे, तिची तयारी होती हो. आठवडाभर तालमी घेतल्यात आपण."

फोन ठेवल्यावर कृपाने संहिता काढली. नागापूरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमध्ये, पत्र्याच्या छताखालच्या सामानाच्या खोलीत, भर मे महिन्यात हे चित्रण झालं होतं. कॅमेरा स्टँडवर लावून सगळे बाहेर जातात, दाराला बाहेरून कडी, रेवती तीनदा दार ठोठावते, दार उघडतं, बाहेर कुणीच नसतं. तीन मिनिटांचा प्रसंग. आणि हा टेक अकरा मिनिटांचा होता. तिसऱ्या मिनिटाला मुलगी दार ठोठावते, तीनदा, अगदी ठरल्यासारखं. दार उघडत नाही. ती थांबते. पुन्हा ठोठावते. मग हसून म्हणते, "सर, अडकलं वाटतं." मग हाका. मग हाका बंद होतात आणि ती भिंतीला हात लावत खोलीभर फिरते, जणू दार एकाच ठिकाणी असायचं काही कारण नाही. मग कोपरा. अकराव्या मिनिटाला चित्र संपतं, दार उघडायच्या आधी. कृपाने किती वेळा पाहिलं याची गणती राहिली नाही. दर वेळी तिला वाटायचं की आपण चुकतोय, मुलगी अभिनय करतेय, फार चांगला अभिनय करतेय आणि आपल्यालाच तो सोसत नाहीये. आणि दर वेळी नवव्या मिनिटाला तिच्या जिभेवर तिचं स्वतःचं नाव आपोआप यायचं. भयपटांची तिला कधी भीती वाटली नव्हती. त्यातली बाई ओरडते तेव्हा बघणाऱ्यांना तरी ठाऊक असतं की ती खरं बोलतेय. खरोखरच्या वेडात तेवढाही एक बघणारा बाजूचा नसतो.

तिसऱ्या दिवशी तिला दुसरी आवाजाची फाइल सापडली. एक माईक दाराबाहेर चालूच राहिला होता. पंख्याची घरघर, शेजारच्या कारखान्यातला कॉम्प्रेसर, चहाचे ग्लास ठेवल्याचा आवाज, दारावरचे ठोके, आणि मध्येच कुणाचं तरी कुजबुजणं. तिने आवाज वाढवला, घरघर कापली, पुन्हा वाढवला. उघडू नका. जाऊ दे अजून. की नव्हतंच तसं काही? चाळीसदा ऐकल्यावर घरघरीतून काहीही ऐकू येतं, हे या कामातलं कुणीही सांगेल. तिने स्टीफनला बोलावून हेडफोन दिले. तो डोळे मिटून, अगदी मन लावून ऐकत उभा राहिला.

"काय ऐकू येतं?"

"खरखर आहे नुसती." त्याने हेडफोन काढून काळजीपूर्वक टेबलावर ठेवले. मग तिच्या चेहऱ्याकडे बघत, मायेने, "कृपा, झोप होतेय ना?"

शनिवारी तो पाळीला गेल्यावर तिने लॅपटॉप पिशवीत घातला आणि स्टेशनवर जाऊन पुणतांब्याचं तिकीट काढलं. डब्यात गर्दी नव्हती. बाहेर ऊस, मग माळ, मग पुन्हा ऊस. खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसत होता आणि तो तिला आवडेना, कारण त्यावर एक प्रकारची उत्सुकता होती. आपण त्या मुलीसाठी निघालोय, असं ती राहुरीपर्यंत स्वतःला सांगत होती. श्रीरामपूर सोडल्यावर तिने ते सोडून दिलं. आपल्याला एवढंच बघायचंय की आपण बरोबर होतो. म्हणजे मुलीचं काहीतरी बिघडलेलं असावं अशीच आपली इच्छा आहे, हे तिला स्वच्छ कळलं आणि परत फिरावंसं वाटलं. पण गाडी पुढेच जात होती.

बनकरांचं घर गावाबाहेर पेरूच्या बागेला लागून होतं. ओसरीत ज्ञानेश्वरीची आई, राहीबाई, पेरू निवडून क्रेटमध्ये भरत बसली होती. "सिनेमावाल्या व्हय? या, बसा. ज्ञानू, तुह्याकडं आल्यात गं." ज्ञानेश्वरी बाहेर आली ती हसतच. तेवीस वर्षांची, ओले केस, चेहऱ्यावर त्या खोलीची अजिबात काही खूण नाही. कृपाच्या छातीतून काहीतरी खाली उतरलं. ते हायसं वाटणं होतं की निराशा, हे तिने तपासलं नाही. चहा झाला. कॉलेजच्या एकांकिका, नगरच्या स्पर्धेतलं बक्षीस, पार्थसर किती चांगले, पुढच्या सिनेमातही घेणार म्हणाले आहेत. मग कृपा पाय धुवायला मागे गेली तेव्हा तिला दिसलं की न्हाणीघराला दार नाही. चौकटीला बिजागऱ्या होत्या, दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं होतं, आणि जुन्या साडीचा पडदा लावला होता.

"तिच्या बापानं काढलं," राहीबाई मागे तांब्या घेऊन उभी होती. तिने आवाज खाली आणला. "दार लोटलं का वरडती. शूटिंगवरून आली तवापासून. घरात झोपत न्हाई, ओसरीत झोपती. ईचारलं तर म्हन्ती, गरम हुतंय. दिवाळी आली की हो आता. कसलं गरम?"

ओसरीत परत येऊन कृपाने विचारलं, "त्या खोलीत किती वेळ होतीस गं?"

"दोन-तीन मिनिटं. फार तर चार. कडी गंजलेली होती ना, दार अडकलं. सर बिचारे किती घाबरले होते. त्यांनीच पाणी पाजलं मला."

"आत तू तुझं नाव घेतलंस. तुझं स्वतःचं."

"माझं? नाही हो ताई." ज्ञानेश्वरी हसली. "मी रेवतीच होते." मग हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. "दाखवा ना. आहे का तुमच्याकडं?"

दाखवायचा आपल्याला काय अधिकार, असं कृपाच्या मनात आलं. न दाखवायचा तरी काय अधिकार, असंही आलं. तिने क्रेट बाजूला सरकवून त्यावर लॅपटॉप ठेवला. पहिली तीन मिनिटं ज्ञानेश्वरी रस घेऊन बघत होती, आपल्या उभं राहण्यातली चूक तिने बोलूनही दाखवली. चौथ्या मिनिटाला ती बोलायची थांबली. पाचव्याला तिने पाय वर घेतले. राहीबाई हात पदराला पुसत मागे येऊन उभी राहिली होती. सहाव्या मिनिटाला पडद्यावरच्या मुलीने भिंतीला कपाळ टेकून हाक मारली, "आये," आणि कृपाच्या मागून राहीबाई म्हणाली, "ओ."

तिला स्वतःलाच ते कळलं नसावं. पण लगेच तिचा हात पुढे आला आणि तिने लॅपटॉप मिटवला, पेटी मिटवावी तसा. बागेत पोपट ओरडत होते. लांबून मोटारीचा आवाज येत होता.

"किती राहिलं?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"पाच मिनिटं."

"राहू द्या." तिने ओले केस पुढे घेतले, पुन्हा मागे टाकले. "ताई, मला चारच मिनिटं आठवतात. बाकीची मी कुठं हुते?" शहरातलं, एकांकिकेतलं बोलणं तिच्या जिभेवरून गळून पडलं होतं. "हे लोकांना दाखवणारेत का?"

दाराबाहेरच्या कुजबुजीचं कृपाने सांगितल्यावर दुपारी ज्ञानेश्वरीने वहीच्या कागदावर लिहून दिलं, की दार मुद्दाम उघडलं नाही हे मला माहीत नव्हतं, हा भाग सिनेमात घेऊ नये. सही करताना तिने पूर्ण नाव लिहिलं आणि ते पुन्हा एकदा वाचून पाहिलं. कृपाने आपल्या डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला. कशाच्या डॉक्टर ते राहीबाईने विचारलं, तेव्हा कृपाने सरळ सांगितलं, झोपेच्या आणि मनाच्या. आपणही तिथे होतो हेही सांगितलं. राहीबाईने तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "तुमी तर चांगल्या दिसता की." पुढच्या मंगळवारी मच्छिंद्र बनकर मुलीला घेऊन नगरला आला खरा. औषधं सुरू झाली. बरं व्हायला वेळ लागणार होता, पण गाडी रुळाला लागली. या सगळ्यात सुधारलं असं एवढंच.

कारण त्या शनिवारी संध्याकाळी कृपा घरी पोचली तेव्हा हॉलमध्ये पार्थ आणि स्टीफन चहा पीत बसले होते. दोघेही तिला बघून उठले, आजारी माणूस खोलीत आल्यावर उठतात तसे. सिनेमाची हार्डडिस्क पार्थच्या मांडीवर होती. कृपाच्या खोलीतल्या टेबलावर डिस्कच्या जागी धुळीत एक चौकोन तेवढा होता.

"कृपाताई, तुम्ही फार थकलात," पार्थ म्हणाला. आवाजात राग अजिबात नव्हता. "चूक माझीच. असला विषय तुम्हाला द्यायला नको होता. दादांनी सांगितलं मला सगळं. मला कल्पनाच नव्हती."

तिने स्टीफनकडे पाहिलं. तो कपातल्या सायीकडे बघत होता.

"ती मुलगी न्हाणीघराला दार लावत नाही," कृपा म्हणाली. "सात मिनिटं तिला आठवत नाहीत. तुम्ही बाहेर उभे राहून उघडू नका म्हणालात. मी ऐकलंय."

पार्थ आणि स्टीफन यांची नजरानजर झाली. क्षणभरच, पण त्यात सगळं आलं. तिने कागद पुढे केला. पार्थने तो घेतला, न उलगडता चौघडी करून खिशात घातला. "करारावर तिची सही आहे ताई. पण मी बोलेन तिच्याशी, नक्की बोलेन. आणि एक सांगू? तिला आठवत नाही म्हणता, म्हणजे ते किती खरं झालंय बघा." हे तो दुष्टपणाने म्हणाला नाही. त्याचे डोळे भरून आले होते, एवढं त्याला ते सुंदर वाटत होतं.

तो गेल्यावर स्टीफन म्हणाला, "काळजीपोटी सांगितलं मी." पुढचे काही आठवडे घर फार शांत होतं. कृपा लग्नांचे व्हिडिओ कापायची. हल्ली तिचं लक्ष नवरानवरीवर राहत नसे. कडेला, आपल्यावर कॅमेरा आहे हे ठाऊक नसलेली माणसं असतात, एकटंच जेवणारा म्हातारा, दाराशी उभी राहून पायातली चप्पल काढघाल करणारी बाई, त्यांच्याकडे ती बघत बसायची. लॅपटॉपवरची टेकची प्रतही करार दाखवून पार्थने जाण्याआधी पुसून घेतली होती, तिच्यापाशी काहीच राहिलं नव्हतं. हळूहळू ती कुजबुज खरंच होती का, याची खात्री जाऊ लागली. उघडू नका. की उघडू का? कधी वाटायचं, पार्थ काळजीने विचारत असेल, उघडू का, आणि आपणच त्यात नकार भरला. राहीबाईची "ओ" मात्र पक्की होती. ती धरून कृपा रोज झोपायची, आणि झोप नीट होत होती.

दिवाळीनंतर सिनेमाची झलक मोबाईलवर आली. दोन मिनिटांच्या झलकीत शेवटचे अकरा सेकंद ज्ञानेश्वरी आपलं नाव सांगत होती. गावाचं नाव तेवढं कापलं होतं. लाखो लोकांनी ते पाहिलं होतं आणि खाली लिहिलं होतं, काय अभिनय आहे, अंगावर काटा आला. कृपाने खालपर्यंत वाचलं. हिला कुणी बाहेर का काढत नाही, असं एकानेही लिहिलं नव्हतं.

त्या दिवशी साडेतीनला स्टीफन कामावरून आला तो बूट न काढता आत आला. डब्याची पिशवी अजून खांद्याला होती. "कंपनीच्या बसमध्ये सगळे बघत होते," तो म्हणाला. "ती पोरगी. ते खोटं नाहीये, कृपा."

ती वाट बघत राहिली. हे ऐकायला आपण किती दिवस थांबलो होतो. पण तिला बरं वाटेना. "तुला कसं कळलं?"

"मी ऐकलंय तसं. आधी." तो खुर्चीवर टेकला. "तुझंही आहे माझ्याकडे."

"काय?"

"व्हिडिओ. डॉक्टरांनी मागितला होता तेव्हा. म्हणाले, घरच्यांना सांगता येत नाही, आम्ही नसताना काय होतं ते काढून दाखवा. मग... पुसायचा राहिला. दर नव्या फोनमध्ये आपोआप येत गेला."

"किती मिनिटांचा?" कामातला प्रश्न तिच्या तोंडून कामाच्या आवाजातच निघाला.

"चौदा."

तिने हात पुढे केला. त्याने फोन तिच्या हातात दिला, आणि बाहेर जायला निघाला तशी ती म्हणाली, "थांब इथेच." मागच्या खोलीतल्या तिच्या खुर्चीत ती बसली. तो तिच्या मागे उभा राहिला. दुपारचं ऊन पडद्यावर येत होतं म्हणून तिने फोन जरा कलता धरला.

हिरवे गज होते. लोखंडी पलंग होता. पलंगावर एक बाई होती, केस सुटलेले, झग्याच्या बाह्या ओढून मुठीत धरलेल्या, आणि ती आपलं नाव सांगत होती. कृपाला वाटलं होतं की आपल्याला भीती वाटेल किंवा रडू येईल. बाई अनोळखी होती, एवढंच वाटलं. मग वर्षानुवर्षांच्या सवयीने तिची नजर बाईवरून निघून चित्रावर गेली. चित्र हलत नव्हतं. हातात धरून काढलेलं चित्र श्वासाबरोबर तरी हलतं. हे अगदी स्थिर होतं, दोन्ही कोपरं कशाला तरी टेकून काढलेलं. चौथं मिनिट, पाचवं मिनिट. सातव्या मिनिटाला बाई नाव सांगायची थांबली. तिने मान वर करून सरळ समोर पाहिलं, ओळख पटल्यासारखा तिचा चेहरा झाला, ती म्हणाली, "स्टीफन," आणि तिने हात पुढे केला.

चित्र पुढे आलं. आता तो जवळ येतोय, कृपाला वाटलं. मग तिला दिसलं की पलंगाचा कोन बदललेला नाही. गजांची ओळ तशीच आहे. कुणी पाऊल उचललेलं नव्हतं. दोन बोटांनी चित्र तेवढं जवळ ओढलं होतं. पुढे केलेला हात कडेला कापला गेला आणि पडदाभर चेहरा राहिला.

"चेहरा नीट दिसायला हवा होता," मागून स्टीफन म्हणाला. "डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं."

कृपाने मागे वळून पाहिलं नाही. अजून सात मिनिटं होती. ती बघत राहिली, आणि तिच्या खांद्यामागे उभा असलेला माणूसही बघत राहिला.